बंड, माफी आणि जमीन : अकोल्याच्या डोंगरातील तीन समझोते

बंड मोडले की इतिहासाचे पाठ्यपुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते. पुढारी फासावर गेला, साथीदार पांगले, मुलखात शांतता नांदू लागली, असे एखादे वाक्य येते आणि पान उलटले जाते. पण ज्यांच्या हातात काल तलवार होती ती माणसे दुसऱ्या दिवशी कोठे गेली? त्यांनी हत्यार कोणाच्या स्वाधीन केले, कोणत्या शब्दावर केले, आणि तो शब्द कोणी पाळला? त्यांची चूल कशावर पेटली? हे प्रश्न पाठ्यपुस्तकात नाहीत, परीक्षेत तर नाहीतच. ज्यांच्या घरात बंडही झाले नाही आणि उपासमारही झाली नाही त्यांनी इतिहास लिहिला, म्हणून ते नाहीत.

हे प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत 'भूपती' या नावाने ओळखले जाणारे मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. वृत्तपत्रांनी बंदुका मोजल्या, माणसे मोजली, बक्षिसाच्या रकमा छापल्या. महाराष्ट्रात आत्मसमर्पण आणि पुनर्वसनाची सरकारी योजना २००५ पासून आहे. योजना असणे चांगलेच. जंगलात पोरे मरण्यापेक्षा ती घरी परतली तर कोणाही माणुसकी असलेल्याला आनंदच होईल. मीही त्या आनंदात आहे. परंतु आनंद झाला म्हणजे विचार थांबवावा असे नाही. हत्यार खाली ठेवले म्हणजे काय मिटले आणि काय मिटायचे राहिले, हे समजून घ्यायचे असेल तर गडचिरोलीइतकेच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याकडे पाहिले पाहिजे. या डोंगरात अडीचशे वर्षांच्या आत बंडखोरांशी तीन वेळा समझोता झाला आणि तिन्ही वेळा नंतर पुन्हा बंड झाले. तिन्ही वेळा असे का झाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

१

आधी शब्द नीट समजून घेऊ. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आणि परराष्ट्र खात्यांच्या भाषेत या कामाचे तीन टप्पे मानतात. पहिला निःशस्त्रीकरण : शस्त्रे गोळा करणे, मोजणे, नष्ट करणे. दुसरा दल-विसर्जन : लढवय्यांची तुकडी मोडणे, प्रत्येकाला ओळखपत्र देऊन तुकडीबाहेर काढणे. तिसरा पुनर्वसन : त्या माणसाला पोटापाण्याचा उद्योग, जमीन, घर आणि समाजात जागा मिळवून देणे. पहिले दोन टप्पे काही महिन्यांत उरकता येतात. त्यांचे फोटो निघतात. तिसऱ्याला पिढी लागते आणि त्याचा फोटो निघत नाही. त्यामुळे सरकारे पहिल्या दोन टप्प्यांवर खूश होतात आणि तिसऱ्याच्या वेळी तिजोरी रिकामी असल्याचे सांगतात.

अकोल्याचा डोंगर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पश्चिमेला कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. खाली प्रवरा, मुळा, आढळा या नद्यांची खोरी. घाटमाथ्याच्या पलीकडे कोकण. वस्ती महादेव कोळी आणि ठाकरांची मोठी. खाली उतरले की मराठा, महार, मांग, चांभार, रामोशी, भिल्ल अशी गावे. कोकणातून देशावर येणाऱ्या वाटा या डोंगरातून जातात. ज्याच्या ताब्यात घाट त्याच्या ताब्यात व्यापार आणि फौजेची वाट. म्हणून जो जो राज्यकर्ता आला त्याला या डोंगरातल्या नाइकांशी बोलावेच लागले. त्यांना मारून संपवणे परवडत नव्हते आणि मोकळे सोडणे सोसत नव्हते.

२

पहिला समझोता पेशवाईतला. १७६०च्या सुमारास जावजी बांबळे या महादेव कोळी नाइकांनी पेशवे सरकारविरुद्ध हत्यार उचलले. सुमारे वीस वर्षे ते डोंगरात राहिले, किल्ले घेतले, त्यांच्यावर पाठवलेल्या सरदारांना पुरून उरले. शेवटी पाठलाग असह्य झाला तेव्हा नाशिकचे सुभेदार धोंडो गोपाळ यांच्या सल्ल्याने त्यांनी आपले किल्ले तुकोजी होळकरांच्या स्वाधीन केले. होळकरांनी रदबदली केली. जावजींना माफी मिळाली. एवढेच नव्हे, तर साठ गावांचा लष्करी आणि पोलिसी कारभार त्यांच्याकडे आला आणि कोळी दरोडेखोरांना देहान्त शिक्षा देण्याचा अधिकारही आला.

या समझोत्यात आजच्या मुत्सद्देगिरीची सगळी अंगे आहेत. दोन्ही बाजूंना चालेल असा मध्यस्थ आहे. शस्त्राच्या बदल्यात, म्हणजे किल्ल्यांच्या बदल्यात, माफी आहे. बंडखोराला मान आहे. पण नीट पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. समझोता एका माणसाशी झाला. त्याच्यामागे डोंगरात उपाशी राहिलेल्या शेकडो कोळ्यांना काय मिळाले? त्यांना आपल्याच नाइकाच्या हातून मरण्याची तरतूद मिळाली. कालचा बंडखोर आजचा कोतवाल झाला आणि उद्याच्या बंडखोराला मारण्याचे काम त्याच्याकडे आले. १७९८ साली गोविंदजी, मानाजी आणि वालोजी या भांगरे बंधूंनी पुन्हा हत्यार उचलले, आणि वालोजी तोफेच्या तोंडी दिले गेले.

दुसरा समझोता इंग्रजांचा. १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी डोंगरी किल्ल्यांवरील शिबंदी काढली आणि किल्ल्यांच्या वाटा, दरवाजे, तटबंदी पाडली. लष्करी दृष्टीने ते शहाणपणाचे होते. पण किल्ल्यावर पहारा देऊन पोट भरणारा कोळी, रामोशी, महार एका हुकमासरशी बेकार झाला. नाइकांना सुरुवातीला पोलिसात घेतले, त्यांचे काही हक्क चालू ठेवले. मुलूख शांत झाल्यासारखा वाटताच खर्चाची कात्री आली. वेतन कमी, वसुलीचे हक्क बंद. रामजी भांगरे इंग्रजांच्या नोकरीत होते. हक्क गेले तेव्हा नोकरी सोडून ते डोंगरात गेले आणि रामा किरवे यांना मिळाले. १८२९-३०चे हे बंड कॅप्टन मॅकिन्टॉश यांच्या हाताखालील फौजेने मोडले आणि रामा किरवे यांना फाशी झाली. याच मॅकिन्टॉशने पुढे महादेव कोळ्यांवर आणि रामोशांवर ग्रंथ लिहिले. ज्याने जमात पकडली त्यानेच जमातीचे वर्णन केले. आपल्या समाजशास्त्राचा एक पाया असा आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

याच वर्षांत पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाइकांशी असाच व्यवहार झाला. रामोशी बंड आटोक्यात येईना तेव्हा सरकारने गुन्हे माफ केले, त्यांना डोंगरी पोलीस म्हणून पगारावर घेतले, काहींना जमिनी दिल्या. समझोता टिकला नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजी नाइकांना पुण्यात फाशी झाली.

रामजींचे पुत्र राघोजी भांगरे. गाव देवगाव, तालुका अकोले. १८४४पासून त्यांनी नाशिक, नगर, पुणे, ठाणे या भागांत जो उठाव केला त्याचा रोख पोलिसांवर आणि सावकारांवर होता. एका चकमकीत एक अंमलदार आणि दहा शिपाई मारले गेले. सावकारांची नाके कापली गेली. राघोजींचा ठावठिकाणा काढण्यासाठी पोलिसांनी त्यांच्या आईचा छळ केला आणि त्यामुळे ते अधिक चवताळले, ही नोंद सरकारी गॅझेटियरमध्येच आहे. १८४८च्या आरंभी पंढरपुरात वारकऱ्यांच्या मेळ्यात लेफ्टनंट गेल याने त्यांना पकडले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले.

नाक कापणे ही क्रूर शिक्षा आहे. तिचे समर्थन मी करणार नाही. पण सरकारी ग्रंथांनी कापलेली नाके टिपून ठेवली, तशी कर्जखतांवरची व्याजे टिपली नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजी अमलात सारा रोख भरावा लागे. डोंगरातल्या माणसाकडे नाचणी-वरई असे, रोकड नसे. रोकड सावकाराकडे. अंगठा उठवला की कागद झाला, कागद दिवाणी कोर्टात गेला की हुकूमनामा झाला, आणि हुकूमनामा बजावायला सरकारचा बेलिफ आला. पूर्वीही सावकार होता, पण त्याच्यामागे कोर्ट उभे नव्हते. राघोजींच्या बंडात पोलीस आणि सावकार ही दोन नावे जोडीने का येतात, त्याचे उत्तर या व्यवस्थेत आहे. वडिलांचे बंड हक्काच्या कपातीतून झाले होते. मुलाच्या काळी प्रश्न साऱ्या जमातीच्या शेतापर्यंत पोचला होता.

३

तिसरा समझोता सर्वांत बोलका आहे आणि तो प्रत्यक्ष अकोले गावात घडला.

१८५७ साली नगर-नाशिकच्या सीमेवर भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्याने उठाव केला. भागोजी पूर्वी नगर पोलिसात अंमलदार होते. १८५५ साली त्यांना शिक्षा झाली, सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ त्यांच्या लोकांशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. डिसेंबरात त्र्यंबक, हरसूल, पेठ भागात गडबड सुरू झाली. भिल्लांच्या जोडीला महादेव कोळीही उठले तर सह्याद्रीची सगळी कड पेटेल ही धास्ती सरकारला होती.

तेव्हा हेन्रीच्या जागी आलेल्या नटॉल या अधिकाऱ्यास हुकूम झाला की कोळ्यांचेच एक दल उभारावे. जुन्नर, अकोले आणि नाशिकच्या डोंगराळ भागातून माणसे घेतली. १८५८च्या जानेवारी-फेब्रुवारीत शंभर माणसे स्वतःच्या तलवारी घेऊन अकोल्यात कवायत शिकू लागली. शिकवायला नगर पोलिसातले उस्ताद आले. बांबळे घराण्यातील जावजी नाईक दलाचे प्रमुख झाले. हे पेशवाईतल्या जावजींच्या नंतरच्या पिढीतले. अधिकारी म्हणून ज्यांना नेमले त्यांत राघोजी भांगऱ्यांचा एक भाऊ होता. राघोजींना फाशी देऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

गॅझेटियरचा लेखक या कोळी दलावर बेहद्द खूश आहे. हिरवे पागोटे, हिरवा डगला, गुडघ्यापर्यंत गडद तांबडे धोतर, पायात वहाणा. तंबू नाही, बाडबिस्तरा नाही. शिधा, दारूगोळा आणि भांडी पाठीवर घेऊन एका दिवसात तीस-चाळीस मैल डोंगर तुडवणारी माणसे. मुक्कामाला पोचल्यावर आधी बंदूक साफ करणारी. दल पुढे सहाशेवर गेले. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यात मिठसागरजवळ साऊटर या अधिकाऱ्याच्या पोलिसांशी लढताना भागोजी मारले गेले. मे १८६०मध्ये सरकारी फौजेची ठाणी उठली आणि त्यांची जागा कोळी दलाने घेतली.

आणि मार्च १८६१मध्ये दल मोडले. थोडे लोक पोलिसात गेले. बाकीचे सगळे आपल्या पूर्वीच्या शेतीकडे आणि शेतमजुरीकडे परतले, असे गॅझेटियर म्हणते. शांततेत परतले, याचे त्याला समाधान आहे.

'पूर्वीच्या शेतीकडे आणि शेतमजुरीकडे' हे शब्द मी वर्गात मुलांना दोनदा वाचायला लावत असे. परतले ते कोठे परतले? ज्या शेतावर सावकाराचा कागद होता त्या शेतावर. ज्या मजुरीतून त्यांचे भाऊबंद बंडात गेले होते त्या मजुरीवर. तीन वर्षे त्यांनी सरकारची सीमा राखली, सरकारसाठी भिल्लांशी लढले. बदल्यात मिळाला तीन वर्षांचा पगार आणि गॅझेटियरातला एक सुंदर परिच्छेद. जमिनीची मालकी, कर्जाची माफी, जंगलाचा हक्क यांतले काहीही समझोत्यात नव्हते.

याचा हिशेब करायला फार काळ लागला नाही. दल मोडल्याला बारा वर्षे होतात न होतात तोच, १८७३ साली, होनाजी केंगले यांनी पुणे, नगर, नाशिक आणि ठाण्याच्या पश्चिम भागात सावकारांवर हल्ले सुरू केले. १८७४मध्ये त्यांच्यावर एक हजार रुपयांचे बक्षीस लागले. जुलै १८७६मध्ये मेजर डॅनियलने त्यांना पकडले. मधल्या काळात, मे १८७५मध्ये, भीमथडी तालुक्यातील सुप्यापासून सुरू होऊन पुणे-नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. हे आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकतो. त्यानंतर आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. म्हणजे ज्या कर्जाच्या प्रश्नाला १८६१मध्ये हात लावता आला असता, त्याला हात लावायला सरकारला अठरा वर्षे आणि दोन बंडे लागली.

४

तिन्ही समझोते शेजारी ठेवले तर एकच घडण दिसते.

एक, बोलणी नाइकाशी होतात, जमातीशी नाही. बंडात सगळे असतात, तहात एक असतो. नाईक विकत घेता येतो असा राज्यकर्त्याचा समज असतो आणि अनेकदा तो खरा ठरतो. पण नाइकाला मिळालेल्या साठ गावांतून भूमिहीनाच्या पदरात एक बिघाही पडत नाही.

दोन, हत्यार काढून घेतले जात नाही, त्याचे तोंड फिरवले जाते. जावजींचे हत्यार कोळ्यांकडे फिरले, कोळी दलाचे भिल्लांकडे. भागोजी कालचे पोलीस आणि आजचे बंडखोर. राघोजींचा भाऊ कालच्या बंडखोराच्या घरातला आणि आजचा अधिकारी. दोन गरीब जमातींना एकमेकींसमोर उभे करून जी शांतता येते ती राज्यकर्त्याची शांतता असते. भिल्ल आणि कोळी हे एकमेकांचे 'पिढीजात वैरी' आहेत असे गॅझेटियर सांगते. वैर असेलही. पण ते वैर सरकारी पगारावर पोसले गेले, हे त्यात नाही.

तीन, हत्यार ज्यासाठी उचलले तो प्रश्न तहाच्या कागदावर येतच नाही. माफी म्हणजे गुन्ह्याची माफी. माफी मागायची बंडखोराने आणि द्यायची सरकारने. ज्यांनी जमीन हिसकावली त्यांचा गुन्हा त्या कागदात नसतोच, मग त्याची भरपाई कोठून असणार?

याला एक अपवाद सांगितला पाहिजे, नाही तर माझे म्हणणे एकांगी होईल. १८२५ साली खानदेशात इंग्रजांनी भिल्लांसाठी दुहेरी धोरण घेतले. एका बाजूला आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण. दुसऱ्या बाजूला भिल्ल एजन्सी, ज्यांच्यामार्फत वसाहती करून जमीन, बी-बियाणे, बैल आणि तगाई दिली गेली. तिथे निदान पोटाचा विचार होता आणि काही काळ त्याचा परिणामही दिसला. परंतु १८७८च्या जंगल कायद्याने डोंगर राखीव होऊ लागले आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने गेले. जमीन दिली तरी ती कोणत्या कायद्याने टिकणार हे ठरवले नाही तर पुनर्वसन पुढच्या कायद्यापुरतेच राहते.

५

दलित वाचकाला वाटेल, हा आदिवासींचा इतिहास आहे, आपला नाही. मी ज्या महार समाजातून आलो त्याचा अनुभव या इतिहासाला लागून आहे. किल्ल्यांच्या पहाऱ्यावर, गावाच्या वेशीवर, कंपनी सरकारच्या पलटणीत महार होता. १८९२-९३च्या सुमारास 'लढाऊ जाती'चे शास्त्र पुढे करून महारांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारला अर्ज पाठवले. महारांनी बंड केले नव्हते. तरी त्यांचे दल-विसर्जन झाले, आणि पुनर्वसन म्हणजे पुन्हा गावकी, पुन्हा येसकरकी, पुन्हा मेलेली ढोरे ओढणे. 'पूर्वीच्या शेतीकडे आणि शेतमजुरीकडे' या शब्दांची आमच्या घरातली आवृत्ती ही आहे. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धाची गरज होती म्हणून, आणि बाबासाहेबांनी त्यासाठी जोर लावला म्हणून.

ज्या जमाती सरकारच्या कामाच्या नव्हत्या त्यांचे काय झाले? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या १९११च्या रूपाने माणसे जन्मतः गुन्हेगार ठरली, हजेरी लागली, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. यालाही सरकार पुनर्वसनच म्हणत होते. १९५२ साली हा कायदा रद्द झाला तरी पोलीस ठाण्यातली नजर रद्द झाली नाही.

६

जगात आज काय चालते तेही पाहू, कारण आपल्याकडची घडण आपल्यापुरती नाही.

नेपाळात दहा वर्षांच्या लढाईनंतर नोव्हेंबर २००६मध्ये शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली माओवादी लढवय्ये सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत राहिले. पडताळणीत १९,६०२ जण पात्र ठरले. शेवटी राष्ट्रीय सैन्यात गेले ते सुमारे चौदाशे. बहुसंख्यांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन निवृत्ती पत्करली. चार हजारांवर जणांना, त्यांत बहुतेक अल्पवयीन असताना भरती झालेले, 'अयोग्य' ठरवून २०१०मध्ये घरी पाठवले. त्या फौजेत दलित आणि जनजाती मुलामुलींचा भरणा मोठा होता. करारात शास्त्रीय भूसुधारणेचा शब्द आहे; पैसे वाटून झाले, तो शब्द मागे राहिला. 'अयोग्य' हा शिक्का घेऊन गावी परतलेल्या दलित मुलीला गावाने कसे घेतले असेल, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

कोलंबियात २०१६ साली फार्क या संघटनेशी करार झाला. त्याचे पहिलेच प्रकरण ग्रामीण जमिनीच्या सुधारणेचे आहे, ही मोठी गोष्ट आहे. सुमारे तेरा हजार जण करारात आले, २०१७मध्ये शस्त्रे राष्ट्रसंघाकडे गेली. पण त्यानंतर चारशेहून अधिक माजी लढवय्ये मारले गेले. हत्यार खाली ठेवणाऱ्याच्या जिवाची हमी नसेल तर उत्तम करारही अपुरा पडतो. उलट आपल्याच देशात मिझोरममध्ये ३० जून १९८६ रोजी झालेला करार टिकला. तेथे बंडखोर संघटनेला निवडणुकीचा मार्ग खुला झाला, राज्याचा दर्जा मिळाला, तिचे पुढारी लालडेंगा मुख्यमंत्री झाले. हत्याराच्या जागी राजकीय अधिकार आला. अकोल्याच्या कोळ्यांना १८६१मध्ये असा अधिकार देण्याचा प्रश्नच नव्हता, ते परक्याचे राज्य होते. आज तो सबबीचा मुद्दा राहिलेला नाही.

७

तेव्हा गडचिरोलीकडे परत येऊ. तेथे शस्त्र खाली ठेवणाऱ्यांत खालच्या पातळीवर बहुसंख्य आदिवासी आहेत. त्यांना रोख रक्कम मिळेल, घर मिळेल, काहींना रोजगार मिळेल. आधीच्या काळात शरण आलेल्यांपैकी काही पोलीस दलात गेले, हे आपण पाहिले आहे. राघोजींच्या भावाची गोष्ट मनात ठेवून मी विचारतो : तुकडी मोडल्यावर ते गाव कोणत्या शेतावर, कोणत्या जंगलावर परतणार आहे? १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा या दोन कायद्यांत त्याचे उत्तर लिहिलेले आहे. ग्रामसभेला अधिकार, कसणाऱ्याला वनजमिनीचा पट्टा, गावाला सामूहिक हक्क. हे उत्तर हातात देता येते. त्यासाठी नवा तह लागत नाही. खाणीचा करार आधी आणि पट्टा नंतर, असा क्रम ठेवला तर मात्र आपण १८६१चा परिच्छेद पुन्हा लिहीत आहोत.

अकोल्यात हा प्रश्न आज बिनहत्यारी चालतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि डोंगरातले पाणी खालच्या उसाला गेले. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी या तालुक्यातली माणसे मोर्च्यात चालतात. एप्रिल २०२३मध्ये अकोल्याहून लोणीकडे निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा याच मागण्या घेऊन होता. त्याआधी १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. हीच माणसे हत्यार न उचलता तीच गोष्ट मागत आली आहेत. बंडखोराशी बोलायला सरकार मध्यस्थ नेमते, हेलिकॉप्टर पाठवते. पायी चालत येणाऱ्याला मात्र निवेदन ठेवून जा म्हणते. यातून तरुण काय शिकेल, याचा विचार राज्यकर्त्यांनी करावा.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यापुढे कोठेही आत्मसमर्पणाची बातमी वाचाल तेव्हा बंदुकांच्या आकड्यापाशी थांबू नका. चार प्रश्न विचारा. बोलणी कोणाशी झाली, पुढाऱ्याशी की गावाशी? सोडलेले हत्यार दुसऱ्या गरिबावर तर रोखले जात नाही ना? परतणाऱ्याच्या जिवाची हमी कोण देतो? आणि जमिनीचा कागद कोणाच्या नावावर झाला? विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातले असे एखादे बंड शोधावे, सरकारी कागदात ते कसे लिहिले आहे ते पाहावे, आणि त्याच गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून दुसरी बाजू वहीत उतरवावी. देवगावात, राजुरात, रतनगडाच्या पायथ्याला अजून सांगणारी माणसे आहेत. त्यांचे सांगणे लिहून झाले की कोळी दलाची माणसे १८६१च्या मार्चात घरी परतली तेव्हा त्यांच्या घरात काय होते, हे आपल्याला गॅझेटियरच्या लेखकाला विचारावे लागणार नाही.